हाताने पॉलिश केल्यावर गडद रंगाच्या गाडीवर पुन्हा पुन्हा येणारी धुरकट झाक : कारणे, ओळख आणि उपाय

काळ्या, गर्द निळ्या किंवा गडद मरून रंगाच्या गाडीला हाताने पॉलिश केले, सावलीत ती समाधानकारक दिसली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात उभी केल्यावर मात्र बॉनेटवर व टपावर दुधाळ, राखाडी झाक पसरलेली आढळली, अशी तक्रार घरच्या घरी गाडीची निगा राखणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी करावी लागते. त्याहून त्रासदायक प्रकार असा की पुन्हा एकदा पॉलिश फिरवल्यावर झाक नाहीशी होते, दोन-तीन वेळा गाडी धुतली की परत उमटते, पुन्हा पॉलिश करावे लागते, आणि हे चक्र थांबत नाही. अशा वेळी दोष पॉलिशच्या बाटलीला दिला जातो आणि नवी, बहुधा अधिक खरखरीत पॉलिशची बाटली आणली जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. परत येणारी झाक बहुतेक वेळा मुळात गेलेलीच नसते. पॉलिशमधील तेलांनी ती तात्पुरती बुजवलेली असते, आणि शॅम्पूने ती तेले निघून गेली की खालचा पृष्ठभाग होता तसा उघडा पडतो. म्हणून काहीही नवे लावण्याआधी, आजवर लावलेले सगळे काढून खाली नेमके काय आहे ते पाहणे, येथून या दुरुस्तीची सुरुवात व्हायला हवी.

गडद रंगावरच झाक इतकी का दिसते

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचा थर, म्हणजे बेस कोट, आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. पत्र्यावरील सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यांपैकी क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. आपण जिला तकाकी म्हणतो ती या क्लिअर कोटच्या वरच्या पृष्ठभागावर ठरते. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश तेथून परावर्तित होतो आणि उरलेला आत शिरतो. पांढऱ्या गाडीत आत शिरलेला प्रकाश रंगकणांवर आदळून मोठ्या प्रमाणावर बाहेर परततो, त्यामुळे पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांनी विखुरलेला थोडासा प्रकाश त्या उजेडात हरवून जातो. काळ्या गाडीत मात्र आत शिरलेला प्रकाश जवळजवळ पूर्णपणे शोषला जातो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो तो केवळ पृष्ठभागावरून आलेला ४ टक्क्यांचा वाटा. त्यातला अल्पसा भाग जरी सरळ न परतता आजूबाजूला फेकला गेला, तरी काळा रंग राखाडी वाटू लागतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या आसपास असल्यामुळे एका मायक्रॉनहून उथळ ओरखडेही प्रकाश विखुरायला पुरेसे होतात. नखाला न अडकणारी आणि बोटाला न जाणवणारी खरखर उन्हात इतकी ठळक दिसते, ती यामुळेच.

उन्हात दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जी गोलाकार जाळी दिसते, तिच्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. जाळी गोल दिसते म्हणून कोणीतरी गोल गोल घासले असावे, असे मानले जाते. प्रत्यक्षात ओरखडे सर्व दिशांना पसरलेले असतात. प्रतिबिंबाभोवती मात्र ज्यांची दिशा प्रकाशाला आडवी असते तेवढेच चमकतात, आणि अशा चमकणाऱ्या तुकड्यांमुळे वर्तुळाचा भास होतो. गाडीभोवती चालत गेल्यास जाळीही आपल्याबरोबर सरकते, यावरून हे सहज पडताळता येते. त्यामुळे जाळीच्या आकारावरून घासण्याच्या पद्धतीचे निदान करू नये.

झाक वर आहे की पृष्ठभागातच आहे

धुरकटपणाचे मूळ तीन ठिकाणी असू शकते. एक, पृष्ठभागावर पॉलिशचा, वॅक्सचा किंवा तेलाचा न पुसला गेलेला थर राहिलेला असतो. दोन, क्लिअर कोटच्या वरच्या पृष्ठभागावर अत्यंत बारीक ओरखडे पडलेले असतात. तीन, क्लिअर कोटच आतून खराब झालेला असतो. या तिन्ही दोषांचे दिसणे सारखे आणि उपाय मात्र पूर्णपणे निराळे असतात, आणि पहिल्या दोषावर दुसऱ्याचा उपाय केला की अकारण क्लिअर कोट खर्ची पडतो.

तपासणीसाठी गाडी शॅम्पूने नीट धुऊन, कोरडी करून सावलीत आणावी आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. एकवटलेला प्रकाश देणारा एलईडी टॉर्च घ्यावा. ट्यूबलाइटचा किंवा ढगाळ आकाशाचा पसरट उजेड ओरखडे लपवतो, तेव्हा त्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. बॉनेटवर साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन मास्किंग टेपने आखून घ्यावा आणि पुढील सर्व प्रयोग त्याच चौकोनात करावेत.

प्रथम एका कोपऱ्यावरून स्वच्छ बोट हलकेच फिरवावे. बोटाचा माग स्पष्ट उमटला आणि त्या मागाच्या आत रंग अधिक गडद दिसला, तर वर थर साचलेला आहे हे निश्चित समजावे. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून तो चौकोन पुसावा. बाजारात मिळणारे अल्कोहोल ७० टक्क्यांचे असेल तर त्याच्या एका भागाला चार भाग डिस्टिल्ड पाणी घातल्यावर सुमारे १४ टक्क्यांचे मिश्रण होते आणि या कामाला ते पुरते. अधिक तीव्र मिश्रण वापरण्याचा मोह टाळावा, कारण काही क्लिअर कोट तीव्र द्रावकाने मऊ पडतात. नुकत्याच रंगवलेल्या भागावर तर ही चाचणी करूच नये. मिश्रण सढळ हाताने फवारावे, काही सेकंद थांबावे आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने जवळजवळ दाब न देता टिपून घ्यावे. कोरड्या पृष्ठभागावर अल्कोहोलचे दोन थेंब टाकून जोरात घासले तर त्या पुसण्यानेच नवे ओरखडे पडतात आणि निदान बिघडते. जड तेलांची पॉलिश एकदा पुसून निघत नाहीत, त्यामुळे ही क्रिया दोनदा करावी.

पुसल्यानंतर चौकोन आजूबाजूच्या भागापेक्षा स्वच्छ आणि गडद दिसला तर दोष केवळ वरच्या थराचा होता. उलट चौकोन आजूबाजूपेक्षा अधिक राखाडी दिसू लागला, तर तेलांनी ओरखडे बुजवलेले होते आणि आता ते उघडे पडले आहेत. पुष्कळांना हा दुसरा निकाल अल्कोहोलने रंग खराब केल्यासारखा वाटतो आणि ते घाबरून पुन्हा पॉलिश फासतात. वस्तुतः गाडीचे खरे रूप त्यांनी प्रथमच पाहिलेले असते.

तिसरी चाचणी पाण्याची आहे. अल्कोहोलने पुसलेल्या चौकोनावर पाण्यात शॅम्पूचा एखादा थेंब मिसळून फवारावे, म्हणजे पाणी थेंबाथेंबांनी गोळा न होता सलग पसरते. ओल्या अवस्थेत झाक गेली आणि वाळताच परत आली, तर दोष पृष्ठभागाच्या खरखरीत आहे, कारण पाणी त्या सूक्ष्म खाचा भरून काढते. पाण्याखालीही पांढुरकेपणा तसाच दिसत राहिला, तर तो क्लिअर कोटच्या आत किंवा त्याच्या आणि रंगाच्या मध्ये आहे, आणि तेथे पॉलिशचा हात पोहोचत नाही.

हाताने केलेल्या कामातच झाक का उरते

वरच्या थराचा प्रश्न सोपा आहे आणि त्याचा विचार पुढे करू. बारीक ओरखड्यांचा प्रश्न मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण येथे बहुतेक जण योग्य वस्तू चुकीच्या ठिकाणी वापरत असतात.

कंपाउंड, म्हणजे पॉलिशहून अधिक कापणारे मिश्रण, आणि पॉलिश यांमध्ये घासणारे कण असतात. ते बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. काही उत्पादनांतील कण घासता घासता फुटून बारीक होत जातात, म्हणजे सुरुवातीला ते अधिक कापतात आणि शेवटी अधिक गुळगुळीत करतात. हे फुटणे घडण्यासाठी पुरेसा दाब, वेग आणि वेळ लागतो. पॉलिशिंग मशीनचे पॅड मिनिटाला हजारो वेळा हलते. माणसाचा हात सेकंदाला दोन-तीन फेऱ्यांच्या पलीकडे फार काळ जाऊ शकत नाही. त्यामुळे मशीनसाठी बनवलेले, फुटणाऱ्या कणांचे कंपाउंड हाताने वापरल्यास कण अर्धवट अवस्थेतच राहतात, कापण्याचे काम होते, गुळगुळीत करण्याचे होत नाही, आणि मागे सारखी पसरलेली राखाडी झाक उरते. दुसऱ्या प्रकारच्या उत्पादनांतील कण सुरुवातीपासूनच एकसारखे बारीक असतात आणि त्यांचा परिणाम फुटण्यावर अवलंबून नसतो. हातकामासाठी याच प्रकारचे, शेवटचा हात देण्यासाठी बनवलेले बारीक पॉलिश निवडावे. बाटलीवर हाताने वापरण्यास योग्य असल्याचे लिहिलेले आहे का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दुसरे कारण बोटांचा दाब. कापड बोटांभोवती गुंडाळून घासले की सगळा जोर चार बोटांच्या टोकांवर एकवटतो आणि पृष्ठभागावर पट्टे उमटतात. साध्या गोल फोम अ‍ॅप्लिकेटरने, किंवा मूठ असलेल्या हातपॅडने, हा दाब सारखा पसरतो. अ‍ॅप्लिकेटर कशाचा आहे यालाही महत्त्व आहे. मायक्रोफायबरचा अ‍ॅप्लिकेटर फोमपेक्षा अधिक कापतो आणि मऊ क्लिअर कोटवर तोच झाकेचे कारण होऊ शकतो. टेरीचे सुती कापड तर गडद रंगापासून लांबच ठेवावे.

तिसरे कारण पुसण्याचे कापड. पॉलिश उत्तम झाले असूनही वाळलेला थर काढताना जुनाट, कडक पडलेल्या कापडाने पुन्हा ओरखडे उठतात आणि दोष पॉलिशवर जातो. कापडावर शंका असेल तर जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर ते दाबून काही वेळा फिरवावे. ती बाजू पॉलिकार्बोनेटची आणि सहज ओरखडे धरणारी असते. तेथे काहीच उमटले नाही तर कापड निर्धोक मानावे. उमटले तर कापड क्लिअर कोटलाही ओरखडेल असे खात्रीने म्हणता येत नाही, परंतु काळ्या गाडीसाठी मी तरी ते वापरणार नाही.

चौथे कारण उष्णता. गडद पत्रा उन्हात फार लवकर तापतो, पॉलिशमधील द्रव उडून जातो आणि कण कोरडे होऊन रंगावर ओढले जातात. काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करावे ही सूचना प्रत्येक बाटलीवर असते आणि बहुधा तीच सर्वांत आधी मोडली जाते.

याखेरीज एक कारण पॉलिशच्या आधीच घडून गेलेले असते. क्ले बारने, म्हणजे चिकटलेली घाण उचलणाऱ्या मातीसारख्या वडीने, पृष्ठभाग साफ करताना वंगण कमी पडले तर क्ले स्वतःच गडद रंगावर धूसर पट्टे उमटवतो. तसेच रंग घासून काढताना २००० किंवा ३००० ग्रिटचा पॉलिश पेपर, म्हणजे अतिशय बारीक दाण्याचा सँडपेपर, वापरला असेल, तर त्याच्या खुणा बारीक पॉलिशने हाताने निघतील ही अपेक्षा ठेवू नये.

ओरखडे आपल्याच हातून पडत आहेत की आधीचेच आहेत, हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. चौकोनात पॉलिश करताना शेवटच्या फेऱ्या फक्त गाडीच्या लांबीच्या दिशेने माराव्यात आणि पुसताना कापड फक्त आडवे न्यावे. नंतर अल्कोहोलने पुसून टॉर्च वेगवेगळ्या दिशांनी धरावा. लांबीच्या दिशेच्या रेषा दिसल्या तर दोष अ‍ॅप्लिकेटरचा किंवा पॉलिशचा. आडव्या दिसल्या तर पुसण्याच्या कापडाचा. आणि वाटेल त्या दिशांना पसरलेल्या असतील तर ते जुने ओरखडे आहेत आणि आपले काम अजून तेथवर पोहोचलेलेच नाही. या एका चाचणीने नवी बाटली आणण्याचा पुष्कळसा खर्च वाचतो.

वरचा थर काढणे

दोष केवळ साचलेल्या थराचा असेल तर घासणारे काहीही वापरू नये. वॅक्स जाड लावले गेले, किंवा दमट हवेत ते नीट सुकले नाही, तर पुसल्यावरही पुसट ढगासारखे पट्टे राहतात. अशा जागी त्याच वॅक्सचा अगदी पातळ हात पुन्हा फिरवावा. त्यातील द्रावक खालचा कडक झालेला थर मऊ करतात आणि लगेच स्वच्छ कापडाने दोन्ही थर एकत्र निघतात. पुसताना दोन कापडे वापरावीत, एक थर उचलण्यासाठी आणि दुसरे, पूर्णपणे कोरडे, शेवटची झळाळी आणण्यासाठी. कापडाची घडी भरली की उलटावी. सीलंटच्या, म्हणजे वॅक्सऐवजी लावायच्या कृत्रिम संरक्षक लेपाच्या, बाबतीत सुकण्याचा वेळ उत्पादनागणिक बदलतो, म्हणून बाटलीवरील वेळ पाळावी आणि बोटाने छोटीशी रेघ ओढून पाहावी. रेघ स्वच्छ उमटली तर पुसण्याची वेळ झाली, फरफटली तर अजून थांबावे.

डिझेल किंवा रॉकेलने पुसून चमक आणण्याचा सल्ला अनेक ठिकाणी ऐकू येतो. त्याने येते ती तेलकट ओल असते, जी धूळ धरून ठेवते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ रंगावर घासली जाते. टूथपेस्टविषयीही तेच म्हणावे लागेल. तिच्यातील कण दातांसाठी निवडलेले असतात, क्लिअर कोटसाठी नव्हे, आणि गडद रंगावर त्यांची खूण राहते.

बारीक ओरखडे काढून तकाकी आणणे

आता मुख्य काम. गाडी धुऊन, गरज असेल तरच भरपूर वंगणासह क्ले फिरवून, कोरडी करावी. प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो आणि हाताचा दाबही नेमका तेथेच वाढतो, त्यामुळे टेपचा उद्देश स्वच्छता राखण्याचा नसून संरक्षणाचा आहे.

आखलेल्या चौकोनात सर्वांत सौम्य जोडीने सुरुवात करावी, म्हणजे मऊ फिनिशिंग फोम आणि सर्वांत बारीक पॉलिश. नव्या फोमला पॉलिशचा पातळ लेप देऊन घ्यावा, नाहीतर त्याचे कोरडे भाग पृष्ठभागावर घासतात. त्यानंतर मटारच्या दाण्याएवढे दोन-तीन थेंब पुरेसे होतात. पॉलिश आधी दाब न देता चौकोनभर पसरून घ्यावे. मग मध्यम दाबाने एकदा उभ्या आणि एकदा आडव्या, एकमेकींवर निम्म्याने येणाऱ्या सरळ फेऱ्या माराव्यात. दोन ते तीन मिनिटे हे काम सलग करावे लागते, आणि ही मिनिटे वाटतात त्यापेक्षा लांब असतात. हाताने केलेल्या पॉलिशमध्ये अपयश येते ते बहुतेक वेळा येथेच, अर्ध्या मिनिटात पॉलिश पुसून टाकल्यामुळे. शेवटचे अर्धे मिनिट दाब हळूहळू कमी करत न्यावा आणि अखेरच्या फेऱ्या केवळ अ‍ॅप्लिकेटरच्या वजनाने, एकाच दिशेने माराव्यात. पॉलिशचा थर या वेळी पारदर्शक, तेलकट आणि ओलसर असायला हवा. तो पांढरा आणि कोरडा पडू लागला असेल तर घासणे ताबडतोब थांबवावे आणि पुढच्या वेळी क्षेत्र लहान घ्यावे.

पुसण्यासाठी प्रति चौरस मीटर ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचे, आखूड लव असलेले मायक्रोफायबर उत्तम. त्याच्या कडेची शिवण कडक असेल किंवा लेबल असेल तर ते काढून टाकावे. पुसून झाल्यावर अल्कोहोलची चाचणी पुन्हा करावी. ती टाळून पुढच्या पत्र्याकडे वळणे म्हणजे आपण काय केले ते न पाहताच सगळी गाडी तशीच करणे होय.

या चाचणीनंतर चौकोन गडद आणि स्वच्छ दिसला तर तीच जोडी संपूर्ण गाडीला लागू करावी. झाक कमी झाली पण गेली नाही, तर त्याच पॉलिशने आणखी एक-दोन वेळा हेच काम करावे. काहीच फरक पडला नाही तर क्लिअर कोट कठीण आहे असे समजून एक पायरी खरखरीत पॉलिश घ्यावे, आणि त्यानंतर निराळ्या, स्वच्छ फोमवर बारीक पॉलिशचा दुसरा टप्पा करावाच. पहिल्या टप्प्यावर थांबल्यास पुन्हा झाकच उरेल. आणि झाक उलट वाढली, तर क्लिअर कोट मऊ आहे. मऊ क्लिअर कोटवर अधिक जोर लावण्याची स्वाभाविक प्रतिक्रिया हानिकारक ठरते. तेथे अधिक मऊ फोम, थोडे अधिक पॉलिश, कमी दाब आणि कमी वेळ हवा. एकाच कारखान्यातून निघालेल्या गाडीचेही बॉनेट आणि पुन्हा रंगवलेले दार वेगळे वागू शकतात, म्हणून रंगकाम झालेल्या प्रत्येक भागावर निराळा चौकोन आखून पाहावा.

फोम वेळेवर बदलणे हा भाग अनेकदा विसरला जातो. प्रत्येक फेरीत क्लिअर कोटचा निघालेला भुगा आणि सुकलेले पॉलिश फोममध्ये साठते आणि काही वेळाने आपण त्या भुग्यानेच घासत असतो. दोन-तीन चौकोनांनंतर फोम मऊ ब्रशने झाडावा आणि संपूर्ण गाडीसाठी चार-सहा अ‍ॅप्लिकेटर जवळ ठेवावेत. जमिनीवर पडलेला अ‍ॅप्लिकेटर धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नये, मग तो कितीही स्वच्छ दिसो.

सगळे काम झाल्यावर संरक्षक वॅक्स किंवा सीलंट पातळ लावावे. त्याने झाक जात नाही, ती परत येण्याचा वेग कमी होतो, एवढाच त्याचा वाटा मानावा. नुकत्याच रंगवलेल्या भागावर मात्र रंगकाम करणाऱ्याने सांगितलेला काळ, जो अनेकदा ३० ते ९० दिवसांचा असतो, संपेपर्यंत वॅक्स लावू नये, कारण तोवर रंगातील द्रावक बाहेर पडत असतात.

कोठे थांबावे

पॉलिश करताना फोमवर गाडीचा रंग उतरू लागला तर काम थांबवून विचार करावा. जुन्या गाडीवर क्लिअर कोटविना, एकाच थराचा रंग असेल तर हे अपेक्षितच आहे. ऑक्सिडेशनने मेलेला वरचा भाग निघतो आहे आणि असा रंग पॉलिशने फार सुंदर उजळतो. परंतु क्लिअर कोट असलेल्या गाडीवर कापडाला रंग लागणे म्हणजे क्लिअर कोट संपलेला असणे, आणि तेथे आणखी एक फेरीही मारू नये. टपावर किंवा बॉनेटवर खवल्यांसारखे पांढरे डाग, बारीक भेगांचे जाळे, कडेने सोलपटे निघणे ही क्लिअर कोट निकामी झाल्याची चिन्हे आहेत आणि त्यावर फेररंगकाम हाच उपाय आहे. मॅट रंगाला पॉलिश लागूच पडत नाही. सिरॅमिक कोटिंग असलेल्या गाडीवर पॉलिश केल्यास ते कोटिंगच निघून जाते, हे आधी ठरवूनच हात लावावा.

क्लिअर कोट धडधाकट असूनही त्यातील अतिनील किरण अडवणारे घटक वरच्या भागात अधिक उपयोगी पडतात, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा झिजवणे परवडणारे नसते. जाडी मोजण्याचे यंत्र हाताशी असले तरी साधे यंत्र सर्व थरांची एकूण जाडी दाखवते, क्लिअर कोटची निराळी नव्हे. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही. हाताने तीन-चार प्रामाणिक फेऱ्यांनंतरही खोल ओरखडे दिसत असतील तर ते तसेच राहू द्यावेत किंवा मशीनचे काम जाणणाऱ्याकडे द्यावेत. हाताने झाक पूर्ण जाऊ शकते. नखाला अडकणारा ओरखडा जात नाही.

पुन्हा झाक येऊ लागली तर

पॉलिशनंतर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर बॉनेटवरच्या त्याच चौकोनात एकदा अल्कोहोलची चाचणी करावी. तेथे रंग स्वच्छ असेल आणि उरलेली गाडी मळकट दिसत असेल, तर वर वॅक्सचा किंवा पाण्यातील क्षारांचा थर आहे आणि पॉलिशची गरज नाही. नव्या रेषा दिसल्या तर त्यांची दिशा पाहावी. धुण्याचा हातमोजा आणि पुसण्याचा टॉवेल ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेच्या त्या असतील, तर त्या दोन वस्तू बदलाव्यात, धुण्यासाठी शॅम्पूची आणि खळबळण्याची अशा दोन निराळ्या बादल्या ठेवाव्यात आणि कोरडी धूळ कधीही कापडाने झटकू नये. मायक्रोफायबर सुती कपड्यांपासून वेगळे, द्रव साबणाने, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवावे आणि कडक उष्णतेत वाळवू नये, कारण त्याचे पॉलिएस्टर व पॉलिअ‍ॅमाइडचे तंतू उष्णतेने कडक पडतात आणि पुढच्या पुसण्यात तेच ओरखडे काढू लागतात.